आधी मोजा, मग मागवा

अनेक घरांत एक मागणी ठरलेली असते: गेम अडकतोय, नवा कॉम्प्युटर घ्या. माझं सांगणं असं, की अख्खा कॉम्प्युटर सहसा एकदम जुना होत नाही. एखादाच भाग बाकीच्यांना अडवून धरतो. तो ओळखता आला, की खर्च चार-पाच वर्षांवर पसरवता येतो.

ओळखायचा कसा? गेममधलं रिझोल्यूशन कमी करून पाहा. फ्रेम्स भराभर वाढल्या, तर ताण ग्राफिक्स कार्डावर होता. जवळजवळ फरकच पडला नाही, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हींवरचा भार आकड्यांत दाखवतं. त्याच बैठकीत रॅमही बघा. एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावल्याने अनेक गेम सुधारतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रं दाखवूच शकत नाही. मग महागड्या कार्डाचा बराचसा जोर वाया जातो.

आता मदरबोर्ड. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पुढे काय काय बदलता येईल हे तोच ठरवतो. २०१७ साली एएमडीचे पहिले रायझन आले, एएम४ सॉकेटवर. तेव्हा कुणी बी३५० बोर्ड आणि रायझन ५ १६०० घेतला असेल, तर २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ५ ५६०० किंवा थेट ५८००एक्स३डी बसवता आला. बोर्ड तोच, डीडीआर४ रॅम तीच. त्याच २०१७ साली इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर घेणाऱ्याला काही महिन्यांत आलेल्या आठव्या पिढीसाठी बोर्ड बदलावा लागला. सॉकेटचं नाव मात्र एलजीए ११५१ हेच राहिलं. म्हणून प्रोसेसर घेताना त्या सॉकेटवर पुढे काय येणार आहे, हे आधी विचारा. आणि बायॉसचं काम जुना प्रोसेसर काढण्याआधी उरका, नाहीतर नवा बसवल्यावर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.

एएम४ बोर्डावरचा प्रोसेसर बदलणं आज आणखी एका कारणाने महत्त्वाचं झालं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ५६०० बसवला, की गेमचा वेग आणि विंडोज, दोन्ही प्रश्न एका खर्चात सुटतात. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जायचं तर बोर्डासोबत डीडीआर५ रॅमही नवी लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार चढले. ज्यांच्याकडे एएम४ आहे, त्यांनी सध्या तिथेच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागावर, काटकसर नको. ८० प्लसचा शिक्का फक्त विजेची कार्यक्षमता सांगतो, आतले भाग किती चांगले आहेत हे सांगत नाही. ग्राफिक्स कार्ड जुनं घ्यायला माझी हरकत नाही. विकणाऱ्याच्या घरी वीस मिनिटं गेम चालवून बघा. जुना एसएमपीएस मात्र घेऊ नका. स्वस्त नव्या कार्डांतही खाचाखोचा असतात: आरएक्स ६५०० एक्सटीला चारच पीसीआयई लेन (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गिका) आहेत, त्यामुळे पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर ते कार्ड मागे पडतं. आणि कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, तर आधी कॅबिनेट उघडून बघा. काहींत बोर्ड आणि एसएमपीएस खास मापाचे असतात, बाजारातले बसत नाहीत.

पुण्या-नाशिकच्या भाच्यासाठी परदेशातून कार्ड नेणाऱ्यांनी वॉरंटी भारतात चालते का, हे दुकानातच विचारून घ्यावं.

आईवडिलांना एक विनंती. आज घरी जाऊन लगेच काही मागवू नका. मुलांना शेजारी बसवा, ही तपासणी त्यांच्याच हातून करून घ्या आणि पुढच्या दोन वर्षांत काय, कोणत्या क्रमाने घ्यायचं, याची यादी त्यांनाच लिहू द्या.