मिठाची पोती



आजचा विषय देवगिरीच्या यादवांचा उदयास्त. आमचा आरंभ मात्र सिंहासनापासून नाही, एका पोत्यापासून आहे.

पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरीस स्वतंत्र राज्य मांडले. सिंघणाच्या कारकीर्दीत ते कळसास पोचले. पुढे महादेवाने शिलाहारांचे उत्तर कोकण जिंकले आणि घाटावरचा माल व किनाऱ्यावरची बंदरे एका छत्राखाली आली. आपला हा गोदाकाठ त्याच राज्यात होता. रामदेवरावाच्या अमदानीत, १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

आणि सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी देवगिरीपुढे उभा राहिला! देवगिरीच्या संपत्तीची कीर्ती त्याने ऐकली होती. यादवांचे सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेलेले. रामदेवराव गडावर गेला. फिरिश्ता सांगतो की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी पळताना टाकलेली पोती धान्याची समजून घाईने गडावर चढविली गेली. शंकरदेव परतून लढला, पण हरला. वेढा पुन्हा आवळला. पोती सोडली, तो आत मीठ! रामदेवरावाला जबर खंडणी देऊन तह करावा लागला. फिरिश्ताने हे तीनशे वर्षांनी लिहिले, म्हणून पोत्यांची कथा जपूनच घ्यावी. पण सैन्य दूर होते, हे त्याच्या कितीतरी आधी बरनीनेही नोंदविले आहे.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस येऊन गेला, आणि १३५२ साली तोच पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्यात पोचला. तेथे वाळवंटातून उंटांवर मिठाच्या लाद्या येत आणि त्यांच्या मोबदल्यात सोने जाई. मालीचा राजा मानसा मूसा याने १३२४ साली कैरोत इतके सोने वाटले की, तेथे सोन्याचा भाव उतरला. पुढे वारसांत कलह माजला, राज्य खिळखिळे झाले आणि १४३३ मध्ये तिंबक्तू शहर हातचे गेले. मालीच्या जागी उभे राहिलेले सोंघाई साम्राज्य १५९१ साली मोरोक्कोच्या बंदुकांपुढे कोसळले. सोन्याची कीर्ती तेथेही फौजेला वाट दाखवून गेली.

इकडे १३१७-१८ च्या सुमारास हरपालदेवाबरोबर यादवांचे राज्य संपले. मराठी राजसत्ता पुन्हा उभी राहण्यास तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. एवढी किंमत कशाची? आमच्या मते, राज्यकर्त्यांच्या गाफीलपणाची. गडावर सोने किती, हे परमुलखाला ठाऊक होते. कोठारात धान्य किती, हे गडावरच्यांनाच ठाऊक नव्हते.

आपला अडत्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे पाहिल्याखेरीज भाव बोलत नाही. राज्य राखणाऱ्यांनी एवढे तरी शिकावे, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.