आमची ठिपक्यांची वही



आम्ही नवीन पनवेलच्या. आमचा बारा जणींचा बचत गट आहे. काही जणी इथल्या सिडकोच्या वसाहतीत राहतात, काही विचुंबे, देवद, सुकापूरहून येतात. कोणी शिवण करते, कोणी डबे देते, कोणी घरकामाला जाते, एक जण नेऱ्याकडची भाजी आणून विकते. आज आम्ही बोलणार आहोत वहीबद्दल. गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल नाही, ती तुमच्याकडेही आहेच. आपल्या स्वतःच्या वहीबद्दल. तिला कोणतं सामान लागतं, कशावर पैसे घालावेत आणि कशावर मुळीच घालू नयेत, ते सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, आम्हाला वही कशाला? सगळं डोक्यात असतं. आम्हीही हेच म्हणायचो. पण डोक्यात काय काय असतं ते एकदा बोटांवर मोजा. गॅसचा नंबर लावला का, दुधाचे खाडे किती झाले, धाकट्याची लस कधी, शाळेची फी, गटाचा हप्ता, सासूबाईंच्या गोळ्या, रेशनचं धान्य आलं का, भाचीच्या लग्नाचा आहेर. दोन्ही हातांची बोटं संपतात आणि यादी उरतेच.

तशी नोंद ठेवायची सवय आपल्याला नवी नाही. कालनिर्णय १९७३ साली निघालं, तेव्हापासून किती घरांत त्याच्या तारखेच्या चौकोनात ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’ असं लिहिलेलं असतं! पण चौकोन केवढासा, त्यात दोन शब्द मावतात. आणि वर्ष संपलं की कॅलेंडर खिळ्यावरून उतरतं आणि नोंद रद्दीत जाते.

आम्हाला वहीची ही रीत कळली ती आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून. तिने एक वही आणली होती. पानांवर रेघा नाहीत, नुसते ठिपके. सोबत रंगीत पेनं, नक्षीच्या चिकटपट्ट्या. किंमत ऐकली आणि आम्ही कपाळाला हात लावला. पण तिने समजावून सांगितलेली पद्धत मात्र पटली. ती म्हणाली, याला बुलेट जर्नल म्हणतात. बुलेट म्हणजे इथे बंदुकीची गोळी नव्हे, यादी करताना ओळीच्या सुरुवातीला देतात तो ठिपका. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या रायडर कॅरोल नावाच्या माणसाने ही पद्धत २०१३ साली लोकांसमोर ठेवली. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी ठरत नसे, म्हणून स्वतःसाठीच त्याने ही वही बसवली होती. म्हणजे ही हुशार माणसांसाठी काढलेली वही नाही. ज्याच्या डोक्यात गर्दी होते त्याने गर्दीतून काढलेली वाट आहे. हे ऐकल्यावर आम्ही म्हटलं, मग ही आपलीच वही!

आता पद्धत सांगतो. अगदी सोपी आहे. काम लिहायचं असेल तर आधी ठिपका द्या. काम झालं की त्या ठिपक्यावर फुली मारा. झालं नाही आणि पुढच्या महिन्यात करायचं असेल तर ठिपक्यावर पुढे जाणारा बाण काढा, आणि नव्या पानावर ते काम पुन्हा हाताने लिहा. लग्न, बारसं, ग्रामसभा अशा ठरलेल्या गोष्टीला छोटा गोल. नुसतं लक्षात ठेवायचं असेल, जसं की ‘बियाणाची पिशवी कपाटावर ठेवली’, तर आडवी रेघ. ठिपका, फुली, बाण, गोल, रेघ. पाच खुणा, संपलं. वहीची पहिली दोन पानं मात्र कोरी ठेवा. कोणत्या पानावर काय आहे ते तिथे लिहीत जायचं, आणि प्रत्येक पानाला नंबर घालायचा.

यातला बाण नीट लक्षात ठेवा. पुन्हा हाताने लिहावं लागतं, यातच त्याची गंमत आहे. लिहिताना आपणच आपल्याला विचारतो, हे खरंच करायचंय का? करायचं नसेल तर सरळ खोडून टाका, डोकं हलकं होईल. करायचं असेल तर मागे का पडतंय ते कळतं. बाणाबद्दल आम्हाला आणखी सांगायचंय, पण आधी सामान.

पहिलं सामान वही. ठिपक्यांची महागडी वही घेऊ नका. ठिपके आपल्याला कोणी शिकवायला नकोत. उदबत्तीने कागदाला भोकं पाडून त्यावरून रांगोळीचे ठिपके टाकणाऱ्या आपण बायका! मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. चौकटीचे चार कोपरे म्हणजे चार ठिपकेच. तक्ता आखायला, खाडे मांडायला ती उत्तम. मध्ये पिना मारलेली वही पावसाळ्यात फसवते. आपल्या कोकणातल्या दमट हवेत पिना गंजतात, कागदाला डाग पडतो आणि मधली पानं सुटतात. तारेची वही पिशवीत अडकते, आणि तिचं पान फाडलेलं चटकन कळतही नाही. दोऱ्याने शिवलेली जाड पुठ्ठ्याची वही सगळ्यात टिकाऊ. ती उघडली की सपाट बसते, मांडीवर ठेवून लिहिता येतं.

कागदाची पारख दुकानातच करा. वहीवर कधी कधी जीएसएम असा आकडा छापलेला असतो. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, ते तो आकडा सांगतो. साठच्या आतला कागद पातळ, सत्तरच्या वरचा चांगला. आकडा नसेल तर शेवटच्या पानावर दोन अक्षरं लिहा आणि पान उलटून बघा. मागे उमटलं नाही तर घ्या. आकार म्हणाल तर झेरॉक्सच्या कागदाची अर्धी घडी होते तेवढा. त्याला ए-पाच म्हणतात. पिशवीत मावतो आणि डोळ्यांनाही त्रास नाही.

दुसरं सामान पेन. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून धंद्याला सुरुवात केली. आज त्या कंपनीचा एक कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे. म्हणजे चांगलं पेन शोधायला परदेशाकडे बघायला नको. आमची निवड साधं निळं बॉलपेन. त्याची शाई तेलकट असते, पाण्याचा थेंब पडला तर सहसा पसरत नाही. जेल पेन गुळगुळीत चालतं, अक्षरही देखणं येतं, पण ओल्या हाताने पान उलटलं की अक्षरांचा चिखल होतो. आपले हात दिवसातून कितीदा ओले असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बेत लिहायला पेन्सिल चालेल, कारण बेत बदलतात. पैशाचा आकडा मात्र नेहमी पेनानेच.

तिसरं सामान खुणांसाठी. परदेशी वहीवाले रंगीत चिकटखुणा विकत घेतात. आमच्याकडे टिकल्यांची पाकिटं आहेत! लाल टिकली पैशाची, हिरवी दवाखान्याची, पिवळी शाळेची. पानाच्या कडेला लावली की वही न उघडताही कुठे काय आहे ते दिसतं. आमच्यात दोघी जणी अशा आहेत की ज्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. त्यांची वही टिकल्यांवर आणि चित्रांवर चालते. गोळीचं चित्र, सिलिंडरचं चित्र, पुढे ठिपका, मग फुली. त्यांच्या फुल्या कुणापेक्षा कमी नाहीत.

बाकी किरकोळ. आखायला मुलाची जुनी पट्टी. पानाच्या खुणेला परकराची नाडी. पावसात वर प्लास्टिकची पिशवी. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवा, पावत्या ठेवायला. चिकटवताना कणकेची खळ वापरू नका, तिला कसर आणि झुरळं लागतात. दुकानातला डिंक बरा.

पावतीवरून एक महत्त्वाचं सांगतो. यंत्रातून निघते ती गुळगुळीत पावती, एटीएमची किंवा दुकानातली, शाईने छापलेली नसते. कागदाला उष्णता लागून तिच्यावर अक्षरं उमटतात, आणि ऊन लागलं किंवा काही महिने गेले की ती पुसट होत जातात. आमच्यातल्या एकीने मिक्सरची हमी दाखवायला पावती काढली, तर हातात कोरा कागद. दुकानदार कशाला ऐकतो? तेव्हापासून आमचा नियम आहे. पावती मिळाली की त्याच दिवशी तारीख, रक्कम आणि पावतीचा नंबर वहीत उतरवायचा, आणि मोठ्या वस्तूच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवायची.

आता बाणाकडे येतो.

आमच्या गटात शिवण करणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी जून महिन्यात लिहिलं, ‘डोळे दाखवणे’, आणि पुढे ठिपका. सुईत दोरा ओवताना त्यांना धूसर दिसत होतं. जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई होती. बाण. जुलैत पाऊस. बाण. मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीचे ब्लाउज. आमच्या गटाची बैठक झाली की आम्ही आपापल्या वह्या काढून बसतो आणि महिन्याचं पान उलटतो. तेव्हा शेजारी बसलेली म्हणाली, “काकू, हे डोळ्यांचं तर तुम्ही मागेही लिहिलं होतं ना?” काकूंनी मागची पानं चाळली. पाच बाण निघाले. आणि त्याच पानांवर नातवाच्या लशीला फुली, काकांच्या दाताला फुली, सुनेच्या सोनोग्राफीला फुली.

मग आम्ही सगळ्यांनीच आपापली पानं चाळली. कोणी बोलेना. बाण कुठे होते सांगतो. एकीच्या रक्ताच्या तपासणीवर. एकीच्या माहेरी आईला भेटून येण्यावर. एकीच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यावर वारस लावण्यावर. घरातल्या सगळ्यांच्या कामांवर फुल्या, आणि बाण तेवढे आमच्या स्वतःच्या कामांवर. हे आम्हाला कोणी भाषणात सांगितलं असतं तर आम्ही मान डोलावून घरी गेलो असतो. इथे ते आमच्याच अक्षरात समोर होतं.

त्याच आठवड्यात दोघी जणी काकूंबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी डोळे बघितले आणि रक्तातली साखर तपासायला सांगितली. साखर खूप वाढलेली निघाली. काकूंना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होते, आणि सुरुवातीला ती कळत नाही. म्हणून मधुमेह असेल तर दिसायला ठीक वाटलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा. काकूंच्या एका डोळ्याला थोडी इजा झालीच आहे. दुसरा शाबूत आहे. गोळ्या चालू आहेत, चष्मा लागलाय, मशीनही चालू आहे.

तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे. एका कामावर तीन बाण झाले की ते काम एकटीचं राहत नाही, गटाचं होतं. बैठकीत ते मोठ्याने सांगायचं. कोणीतरी सोबत जायचं, कोणीतरी त्या दिवशी तिचा डबा किंवा तिची मुलं सांभाळायची. आणि ते काम करायचंच नसेल तर तिने तसं म्हणून स्वतःच्या हाताने खोडायचं. चौथा बाण काढायचा नाही.

दोन गोष्टी जपा. ही वही गटाच्या दप्तराची जागा घेत नाही. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्या गटांची पत नोंदींवरच उभी आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट हिशेब, ही पाच सूत्रं आपल्याला पाठ आहेत. इतिवृत्ताच्या आणि खात्याच्या वह्यांत टिकल्या नकोत, पेन्सिल नको, खाडाखोड नको. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. दुसरं म्हणजे, आपल्या वहीत एटीएमचा पिन किंवा फोनवर आलेला ओटीपी कधीच लिहू नका. वही घरात कोणाच्याही हाती लागते.

तर मैत्रिणींनो, एक चौकटीची शिवलेली वही, एक निळं बॉलपेन आणि टिकल्यांचं एक पाकीट. बाजारात जाल तेव्हा घेऊन या. वही महिनाभर लिहा, आणि महिना संपला की फुल्या मोजू नका. बाण मोजा, आणि ते कोणाच्या कामावर आहेत ते बघा. पुढच्या बैठकीत वही बरोबर न्या.