परदेशांतील पहिले आठवडे



ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील कित्येक घरांतील मुलेंमुली स्थापत्यशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जातात. पहिल्या आठवड्यांत घरीं येणारा दूरध्वनि नेहमींच उत्साहाचा असतो, असें नाहीं. गणित तर येत असतें. मग अडतें कोठें? बहुधा मापांत आणि मातींत.

प्रथम मापाची गोष्ट घेऊं. आपल्या देशांत १९५६ सालच्या कायद्यानें दशमान मापें आलीं. मीटर व न्यूटन यांवर वाढलेला विद्यार्थी अमेरिकेंत जातो, आणि तेथें इमारतींचे नकाशे फूट-इंचांत व भार पौंडांत मांडलेले पाहतो. रूपांतर सोपें आहे. परंतु चूक किती महाग पडते, हें १९९९ सालीं दिसलें. मंगळाकडे धाडलेलें एक अमेरिकन यान दोन मापपद्धतींच्या घोटाळ्यामुळें नष्ट झालें.

मातीची गोष्ट याहून खोल आहे. आपल्याकडे पाया म्हटला, कीं काळा कातळ, खाडीचा चिखल व पावसाचें पाणी डोळ्यांपुढें येतें. मिनेसोटासारख्या राज्यांत चिंता असते ती हिवाळ्याची. जमिनींतील ओल गोठून बर्फाचे थर बनतात. ते खालचें पाणी आणखी ओढून घेतात आणि मातीबरोबर उथळ पायाही वर उचलतात. म्हणून तेथें घराचा पाया साडेतीन ते पांच फूट खोल नेतात. डोंबिवलींत वाढलेल्यास हें ठाऊक नसलें, तर त्यांत कमीपणा कसला?

हाच प्रसंग पूर्वीं उलट दिशेनें घडला आहे. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखालीं तयार झालेले जेम्स बर्कले १८५० सालीं इंग्लंडांतून मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास पोंचली, व पुढील वर्षीं खाडी ओलांडून कल्याणास गेली. एवढ्या अनुभवी गृहस्थांनाही येथील पावसाळा व सह्याद्रीचे घाट नव्यानेंच समजून घ्यावे लागले.

तेव्हां नवख्या विद्यार्थ्यानें "हें येथें असें कां?" हा प्रश्न निःसंकोच विचारावा. न समजतां मान डोलावणें हा विनय नव्हे. उद्यां त्याच्या आंकड्यांवर विसंबून माणसें पुलावरून जाणार आहेत. आणि घरच्यांनीं? गुण किती मिळाले, हें विचारण्याआधीं तिकडची माती कशी आहे, तें विचारावें. सांगतां सांगतां त्याला धीर येईल, आणि इकडची मातीही आठवेल.