सात टक्क्यांचा हिशेब



धातुशास्त्रात माझे आयुष्य गेले. म्हणून आज जर्मनीतील फ्रायबर्गच्या विद्यापीठाविषयी बोलण्याचे योजले आहे. सॅक्सनीतील हे गाव चांदीच्या खाणींवर वाढले. सप्तवार्षिक युद्धाने राज्याची तिजोरी रिकामी केली, तेव्हा खाणी शास्त्रशुद्ध चालवणारी माणसे घडवण्यासाठी १७६५ मध्ये तेथे खाणविद्येची अकादमी निघाली. आज चालू असलेल्या अशा संस्थांत ती सर्वांत जुनी गणली जाते. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट तेथे शिकला, तो सकाळी खाणीत उतरून आणि दुपारी वर्गात बसून. शिक्षणासाठी राखलेली खाण विद्यापीठाकडे आजही आहे.

परंतु मला सांगायची आहे ती क्लेमेन्स विंक्लर या प्राध्यापकांची गोष्ट. १८८५ मध्ये जवळच्या खाणीत एक नवे खनिज सापडले. विंक्लरांनी त्याचे पृथक्करण केले. चांदी, गंधक, किंचित लोह व पारा मिळाला. पण बेरीज त्र्याण्णवाच्या पुढे जाईना. पुन्हा केले, पुन्हा सात टक्के कमी! ‘प्रयोगातील चूक’ म्हणून कागद मिटता आला असता. ते महिनोन्‌महिने त्या सात टक्क्यांमागे लागले. अखेर फेब्रुवारी १८८६ मध्ये, द्रावणात भरपूर आम्ल ओतल्यावर पांढरा साका खाली बसला. हरवलेले मूलद्रव्य त्यात होते : जर्मेनियम. मेंडेलिव्हने १८७१ मध्येच त्याची जागा रिकामी ठेवून अणुभार सुमारे ७२ असेल असे भाकीत केले होते. ते खरे ठरले. १९४७ मधील पहिला ट्रान्झिस्टर याच मूलद्रव्याचा.

ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा मान खाली गेली. नववीत असताना, याच इमारतीत, मोरचुदाचे खडे तापवून त्यातील पाण्याचे प्रमाण काढायचे होते. पुस्तकात छत्तीस टक्के होते, माझे तेहतीस आले. मी वहीत सरळ छत्तीस लिहिले आणि वजने मागाहून जुळवली. (येथे बसलेल्यांपैकी काहीजण हसत आहेत, त्यांनीही तेच केले असावे.) सरांनी वही पाहिली, तराजूकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “तुझे तीन टक्के कुठे गेले रे?”

मी गप्प राहिलो. खडे पुरते पांढरे होण्याआधीच मी दिवा विझवला होता. मधल्या सुटीची घंटा झाली होती.