बाबांचं पाणी आणि माझा तक्ता

आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील, पण ऐका. आज बोलायचंय लघवीबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, वैद्यकीय ज्ञान शून्य. पण गेल्या वर्षी दहा दिवस मी बाबांचा कॅथेटर सांभाळला.

झालं असं, की एका रात्री बाबांना लघवीच होईना. ओटीपोट टम्म फुगलेलं, घाम फुटलेला, तरी म्हणतात, "सकाळपर्यंत बघू." प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्ग दाबला गेला होता. अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते, बरं का. हॉस्पिटलमध्ये फोली कॅथेटर घातला. या नळीच्या आतल्या टोकाला छोटा फुगा असतो. तो मूत्राशयात पाण्याने फुगवतात, म्हणून नळी आत टिकते. म्हणूनच ती कधी ओढायची नाही.

घरी सोडताना सिस्टरांनी बजावलं: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली ठेवा, पण जमिनीला टेकवू नका. नळीला मोड नको. हात धुतल्याशिवाय हात लावू नका. नळी जिथे शरीरात जाते ती जागा रोज साबण-पाण्याने धुवा. मी मान डोलावली. त्यात काय अवघड?

दुसऱ्याच दिवशी बाबांना खुर्चीत बसवताना मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली! लघवी उलटी आत जाऊ शकते, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे नंतर डोक्यात आलं. त्याच रात्री तीन तास पिशवीत थेंब नाही. घाबरून वॉर्डात फोन केला. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आधी नळी दबलीय का बघा." मांडीखाली दबली होती.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे एक तक्ता केला. वेळ, प्यायलेलं पाणी, आलेली लघवी. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ताशी साधारण अर्धा मिलीलीटर तरी लघवी व्हावी, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ताशी ३०. बाबांचा दिवसाचा आकडा १५००, मग ११००, मग ७००. रंग गडद. नळी तर मोकळी होती, आणि पाण्याच्या रकान्यात घट नव्हती. रिकामी बाटली दिसली की मी एक लिटर लिहून टाकत होतो.

पाचव्या दिवशी मीटिंग लवकर संपली, तर काय दिसलं? बाबा बाटलीतलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घालत होते.

मी चिडलोच. ते खाली बघून म्हणाले, "तू काम सोडून उठतोस, माझी घाण उचलतोस. कमी प्यायलो तर कमी उठशील."

मंडळी, माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता. आठवून बघितलं, तर मी पिशवी रिकामी करताना कानाला हेडफोन लावून, तोंड फिरवून करत होतो. त्यांनी ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी रिकामी करायच्या वेळा ठरवल्या. दार लावायचं, हेडफोन काढायचा. पाहुण्यांपुढे लाज वाटू नये म्हणून आईने पिशवीला कापडी खोळ शिवली. आणि तक्ता मी बाबांकडे दिला. ते एसटीत कंडक्टर होते, त्यांचं वेबिल कधी चुकलं नाही. मापाचा आकडा तेच वाचायचे, वहीत तेच लिहायचे. हिशेब स्वतःच्या हातात आल्यावर पाणी आपोआप पोटात जायला लागलं. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.)

एवढं लक्षात ठेवा: ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त, लघवी थांबणं, किंवा म्हातारं माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. आणि "कॅथेटरची अजून गरज आहे का?" हे विचारत राहा. नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका वाढतो.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी फुग्यातलं पाणी काढून नळी बाहेर घेतली. मग वाट बघणं. दोन तासांनी बाथरूममधून बाबांचा आवाज आला, "लिहून घे रे, दोनशे दहा!"

मी लिहून घेतलं. ती वही अजून ठेवलीय.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि घरात कुणी आजारी असेल, तर तेवढा हेडफोन काढा.