आमच्या घरी सगळे सारखेच जेवतात
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या देवगावातून शिकून पदवीच्या वर्गात गेलेल्या दोन मुलींबरोबर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ‘आविष्कार’ पाहावयास गेले होते. हा विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा महोत्सव. राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात. त्यांच्या पुढाकाराने तो २००६ मध्ये सुरू झाला. येथे निवडलेले विद्यार्थी पुढे राज्याच्या फेरीला जातात. आपले काम एका पोस्टरवर मांडायचे, शेजारी उभे राहायचे आणि परीक्षक विचारतील त्याचे उत्तर द्यायचे. लांबलचक भाषणाला तेथे वाव नाही. (माझे मात्र आज सहन करावे.)

मी आहारावरील पोस्टरांपाशी रेंगाळले. एका मुलीने घरोघरी जाऊन बायकांना विचारले होते, की गेल्या चोवीस तासांत तुम्ही काय काय खाल्ले? पोस्टरच्या तळाशी ‘मर्यादा’ असा लहान मथळा होता. त्याखाली तिने लिहिले होते, की घरातील वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न विचारावे लागले, आणि बहुतेक घरी उत्तर आले, ‘आमच्या घरी सगळे सारखेच जेवतात’; म्हणून ही माहिती पुरेशी विश्वसनीय मानू नये. परीक्षकांनी विचारले, मग या कामाचा उपयोग काय? ती म्हणाली, “सर, विचारून भागत नाही, ताट मोजावे लागते, एवढे कळले.”

भगिनींनो, ते उत्तर तुमचेही आहे आणि माझेही. विचारणारा परका, सासूबाई समोर बसलेल्या. अशा वेळी ‘सालनातले तुकडे संपले होते, मी रश्शात भाकरी चुरून खाल्ली’ असे कोण सांगेल? घराची इज्जत जाते. मीसुद्धा वर्षानुवर्षे सर्वांचे झाल्यावर जेवत आले आणि त्याला शिस्त म्हणत आले.

आता हिशेब पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि बाईला २९, म्हणजे दीडपट. दर महिन्याला तिच्या शरीरातून रक्त जाते, हे त्याचे मोठे कारण. जिला जास्त हवे तिच्या वाट्याला भांड्याचा तळ! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक.

‘आम्ही गोश्त खाणारे, आम्हांला काय होते?’ असे आपल्याकडे हमखास म्हणतात. गोश्तातले लोह अंगी चांगले लागते, हे खरेच. परंतु गोश्त घरात शिजले म्हणजे ते मुलीच्या ताटात आले असे नव्हे. धान्या-भाजीतले लोह अंगी कमी लागते; सोबत लिंबू किंवा आवळा असला तर अधिक लागते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. आपल्या घरी दस्तरखान उचलण्याआधीच चहाचे आधण चढते! अभ्यासात लक्ष लागत नाही, जिना चढताना धाप लागते, अशा मुलीला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. तिचे हिमोग्लोबिन एकदा तपासा. मोठ्या मुलीचे ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

विद्यार्थ्यांनो, संशोधन म्हणजे परदेशी यंत्रेच असे समजू नका. आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्रात बाजरीचा एक वाण निघाला आहे, एएचबी १२००. त्याच्या किलोभर दाण्यात ७३ मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या वाणांत ४५ ते ५०. आपल्याच भाकरीवर झालेले हे काम. आता ती भाकरी कोणाच्या ताटात किती पडते, हा पुढचा प्रश्न, आणि तो आपल्या मुली आपल्याच गल्लीत सोडवू शकतात. पोरीला शहरात कशाला पाठवायचे, असे विचारणाऱ्या वडिलांना मी त्या पोस्टरपाशी नेऊन उभे केले असते. परीक्षकांपुढे आपल्या कामातली उणीव न अडखळता सांगणारी ती मुलगी तुमच्या मुलीच्याच वयाची होती.

त्या दोघी मुलींनी येताना बसमध्येच ठरवले, की पुढच्या ‘आविष्कार’ला देवगाव रंगारीचे पोस्टर न्यायचे. प्राचार्यांची परवानगी मिळाली आहे. रमजान ईद झाली की त्या वही आणि तराजू घेऊन तुमच्या दारी येतील. आधी पातेल्यातले मोजतील, मग एकेकाचे ताट. घरातल्या पुरुषांनी त्या वेळी जरा ओट्यावर जाऊन बसावे, आणि सासूबाईंनीही. एक दिवस पुरेसा नसतो, म्हणून त्या पुन्हा येतील, कंटाळू नका. आणि त्या शुक्रवारी येणार नाहीत. जुम्म्याला घरोघर बिर्याणी असते. तो दिवस धरला तर सगळे गाव धष्टपुष्ट निघेल.