नेतृत्व सातत्याने मिळते



तंत्रज्ञानातील नेतृत्वासाठी राष्ट्राराष्ट्रांत चाललेल्या स्पर्धेचा विचार करायला चंदीगड हे योग्य ठिकाण आहे. 1959 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था 1962 मध्ये या शहरात आली आणि शहराला लागून असलेल्या मोहालीत 1984 मध्ये सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचे चिप-उत्पादन सुरू झाले. मोहालीच्या इतिहासातून मी एकच निष्कर्ष आपल्यापुढे मांडणार आहे. नेतृत्व यंत्रसामग्रीच्या एका मोठ्या खरेदीने मिळत नाही. मिळालेली विद्या खंड न पडू देता वाढवत नेणाऱ्या देशाकडे ते जाते.

तैवानने 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिप बनवण्याचे 7 मायक्रॉनचे तंत्रज्ञान घेतले. मोहालीने अमेरिकन मायक्रोसिस्टिम्सकडून घेतलेले तंत्रज्ञान 5 मायक्रॉनचे होते. आपल्या अभियंत्यांनी ते अधिकाधिक सूक्ष्म करत पुढे 0.8 मायक्रॉनपर्यंत नेले, म्हणजे कुवतीत आपण कमी नव्हतो. फेब्रुवारी 1989 मध्ये मोहालीच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि त्याची फेरउभारणी वर्षानुवर्षे रेंगाळली. आपल्या पीछेहाटीचा सगळा दोष त्या आगीला देण्याची रीत आहे. पण 1997 मध्ये तैवानमधील शिंचू येथेही एका मोठ्या चिप-कारखान्याला आग लागली, आणि तरीही तिथला उद्योग खुंटला नाही. त्याच्याभोवती इतर कारखाने, संशोधन संस्था, पुरवठादार आणि जगभरचे ग्राहक उभे होते. मोहाली एकटी होती. एका अपघाताने देशाची विद्या थांबावी, इतका आपला पाया अरुंद होता, हे खरे दुखणे.

यावर पहिला आक्षेप असा, की मर्यादित साधनांच्या देशाने चिप बनवण्याच्या मागे न लागता त्या विकत घ्याव्यात. शांततेच्या काळात हा हिशेब बरोबर वाटतो. पण 2021 मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे आपल्या मोटार कारखान्यांना उत्पादन घटवावे लागले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिप व त्या घडवणारी यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. पैसे असले म्हणजे माल मिळतोच असे नाही. भारताला महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही संगणन संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक उभा राहिला. तो अभिमानाचा क्षण होता. पण त्यातील ट्रान्सप्युटर, म्हणजे प्रोसेसर, परदेशी होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. रचना आपली आणि गाभा दुसऱ्याचा, ही अवस्था आपण ओलांडायची आहे.

दुसरा आक्षेप मोहालीच्या आजच्या 180 नॅनोमीटर तंत्रज्ञानावर आहे. जग काही नॅनोमीटरवर पोहोचले असताना ते कालबाह्य नव्हे काय? मोबाइलसाठी ते जुने आहे, हे मान्य. पण अग्निबाणातील संगणकाला आकाराच्या सूक्ष्मतेपेक्षा खात्री अधिक लागते. इस्रोच्या अग्निबाणांसाठीचा 32 बिटांचा ‘विक्रम 3201’ प्रोसेसर मोहालीतच तयार झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये देशापुढे आला. वाहने, वीजपुरवठा आणि संवेदक यांच्या कित्येक चिप याच प्रौढ तंत्रज्ञानावर चालतात. तिथे पाय घट्ट रोवूनच पुढची पायरी चढता येईल.

चिप बनवण्याचे काम खासगी उद्योगावर सोडावे, असेही म्हटले जाते. खासगी उद्योग हवाच. पण 1987 मध्ये तैवानची टीएसएमसी ही चिप-कंपनी उभी राहिली तेव्हा तिचे जवळपास निम्मे भांडवल तैवान सरकारचे होते, आणि अमेरिकेत पहिल्या एकात्मिक मंडलांचे, म्हणजे चिपचे, मोठे ग्राहक अपोलो यान व मिनिटमन क्षेपणास्त्र हे सरकारी प्रकल्प होते. सरकारने भांडवलाइतकीच खात्रीची मागणीही दिली, म्हणून तिथल्या उद्योगाला चुकण्याची आणि सुधारण्याची उसंत मिळाली.

आपल्याकडे डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र संशोधनावर आपण सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. दक्षिण कोरिया आणि इस्रायल चार टक्क्यांहून अधिक करतात. ही दरी अनुदानाच्या एका हप्त्याने बुजणार नाही. म्हणून माझे आग्रहाचे आवाहन आहे. शासनाने देशी चिपच्या खरेदीची दीर्घ मुदतीची हमी द्यावी, मोहालीची प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना आणि नवउद्योगांना सदैव खुली ठेवावी आणि सरकारे बदलली तरी निधी आटू देऊ नये. आपण अभियंत्यांनी आणि लेखकांनी प्रत्येक नव्या घोषणेला एकच प्रश्न विचारावा: दहा वर्षांनी हे काम आपल्याला स्वतःच्या बळावर करता येईल का? त्याचे उत्तर ‘होय’ असे यावे, यासाठी झटणे हेच आपले कर्तव्य आहे.